मान वर, कंबर खाली

अंधेरीच्या तरण तलावात दुपारी बायकांची बॅच असे, आणि त्या बॅचमध्ये माझ्याइतकी ताठ मानेने पोहणारी दुसरी बाई नव्हती. झालरीचा पोशाख, डोक्यावर रबरी टोपी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि ते भिजू नये म्हणून पाण्याबाहेर काढलेली मान! सवाष्णीने परक्या जागी कपाळ रिकामं ठेवू नये, हे आईने लहानपणापासून बिंबवलं होतं. आंघोळीची गोष्ट वेगळी, ती आपल्या घरात असते.

शिकवणाऱ्या बाई काठावरून ओरडत, "अगं, मान वर की कंबर खाली! कंबर खाली की पाय खाली! तू पोहत नाहीयेस, पाण्यात चालतेयस!"

खरंच होतं ते. मी धापा टाकत हातपाय झाडायचे आणि शेजारून शाळकरी मुली सुळकन निघून जायच्या.

महिनाअखेरीला परीक्षा होती. ब्रेस्टस्ट्रोकने, डोकं नीट पाण्यात घालून, तलावाची एक लांबी पार केली तर खोल पाण्याचा पास, नाहीतर पुन्हा उथळ पाण्यात कच्चं लिंबू. मला तो पास हवाच होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत फक्त माझी म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती. मालाडला घरी मी शिवणक्लासला जाते असं सांगितलेलं. महिनाभरात साधा रुमालही शिवून आणला नव्हता, तरी कुणी काही विचारलं नाही, आणि त्याचं मला नवलही वाटलं नाही, इतकी मी हवेत होते!

सराव मात्र घरीच. मोरीत कडी लावून बादलीत तोंड घालायचं आणि बुडबुडे सोडायचे. मग ट्रंकेवर पालथं पडून बेडकासारखे पाय मारायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी अशीच पाय मारत होते, आणि दारात सासूबाई.

"पोटात दुखता काय गो?"

माझी वाट लागली. ट्रंकेवर पालथ्या पडलेल्या बाईला खोटं बोलायला सुचत नाही. सगळं सांगून टाकलं, कुंकवासकट. सासूबाई मालवणच्या खाडीकाठी वाढलेल्या. आधी पदर तोंडाला लावून पोटभर हसल्या.

"आंघोळीक जातंस तेव्हा कपाळ काय खुंटयेर टांगून ठेवतंस? डोक्या घाल पाण्यात. उद्या मी येतंय."

आल्याच. पांढऱ्या लुगड्यात, हातात कापडी पिशवी, तलावाच्या बाकावर एकट्याच बसल्या.

शिट्टी झाली. हात बाहेरून आत ओढले, तोंड वर आलं, श्वास घेतला. हात पुढे सरसावले आणि मी डोळे मिटून डोकं दोन दंडांच्या मधे खुपसलं. लाथ. आणि मग जे झालं ते काय सांगू! कंबर आपोआप वर आली. काही न करता मी पुढे सरकत होते, एखादं होडकं ढकलून द्यावं तशी. मला पाण्यातच हसू फुटलं, नाकात पाणी गेलं, खोकले, पुन्हा डोकं आत. बुडबुडे सोडायचे, सरकायचं, वर यायचं, श्वास घ्यायचा. भिंतीला हात लागला तेव्हा मला वाईट वाटलं, की तलाव एवढा आखूड का बांधला!

बाईंनी पास लिहिला. मी ओली, लाल डोळ्यांची, कोऱ्या कपाळाची, वेड्यासारखी हसत सासूबाईंकडे धावले.

त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, माझं तोंड पुसलं. मग पिशवीत पुन्हा हात घालून कुंकवाचा करंडा काढला. सासरे गेले त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांनी कुंकवाला हात लावला नव्हता, हळदीकुंकवाला कुणी बोलावलं तरी दारातून परत यायच्या. मी आजूबाजूला पाहिलं. बायका बघत होत्या.

"आई, मी लावते ना."

"गप ऱ्हव," त्या म्हणाल्या, आणि कुंकवात बोट बुडवलं. "आता कर मान वर."