आम्ही थांबलो होतो

सगळी नोकरी मी हायस्कुलात भूगोल शिकवला. 'विकसनशील देश' हा शब्द दर वर्षी फळ्यावर लिहायचे, मुलं तो वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत त्याची वैशिष्ट्यं लिहून मार्क मिळवायची आणि पुढच्या वर्गात जायची. अशा देशांच्या डोक्यावर कर्ज असतं हे पुस्तकात होतं. त्यांतलं एक कर्ज माझ्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायला येईल, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

देवळाली प्रवरेत माझं घर आहे. मुलगा पुण्याला गेल्यापासून माडीवरची खोली रिकामी होती. जवळच्या शेतकी कॉलेजातली एक मुलगी खोली विचारत आली. ती आफ्रिकेतल्या एका देशाची होती. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिला आता तिथेच नोकरी टिकवायची आहे. ती राहायला आली त्या दिवशी अर्धी गल्ली माझ्याकडे विरजण मागायला येऊन गेली. मी प्रत्येकीला विरजण दिलं आणि मुलगीही दाखवली. एकदा बघून झालं की बायका गप्प बसतात, हे मला माहीत होतं.

तिचा विषय बाजरी. उसाच्या मुलखात येऊन बाजरीवर पदवी घ्यायला निघालेली ही पहिलीच, असं मी तिला चिडवायची. तिच्या देशात लोक बाजरीच खातात, आणि तिथेही आपल्यासारखाच गोसावी रोग पडतो. कणसाच्या जागी नुसत्या पानांचा झुपका येतो, दाणा धरत नाही. या रोगाला दाद न देणारं वाण तिला शोधायचं होतं. तिच्या गावाकडे एका वर्षी सगळं रान असं झुपक्यांनी भरलं आणि तिच्या आईने शेजारून पीठ मागून आणलं, एवढंच तिने एकदा सांगितलं. कॉलेजच्या रानात तिला एक तुकडा मिळाला होता. दोन खरीप हंगामांची नोंद झाली तरच प्रबंध, आणि प्रबंध झाला तरच पदवी.

मराठी ती माझ्याकडे शिकली नाही. शिकली ती त्या रानात खुरपायला येणाऱ्या बायकांकडून. संध्याकाळी जिना चढताना ओरडून सांगायची, "मावशी, आज लई ऊन हुतं. आमी चार सऱ्या खुरपल्या." उभा जन्म मी मुलांचं 'हाय' खोडून 'आहे' केलं. तिचं खोडायला माझा हात उठला नाही.

आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे. दर महिन्याला सगळ्याजणी ठरलेली रक्कम काढतात, डब्यातून चिठ्ठी उचलतात, जिची चिठ्ठी निघेल तिला ती सगळी रक्कम मिळते. जिला आधी लागली ती पुढचे हप्ते भरत राहते, जिला शेवटी लागते ती तोवर वाट बघते. भिशी चालवतात त्या काकू ब्लाऊज शिवतात, आणि त्यांची जीभ कात्रीपेक्षा जरा जास्तच चालते. मुलीने भिशीत यायचं म्हटल्यावर त्यांनी तिला आपादमस्तक पाहिलं आणि मला विचारलं, "पळून जायची न्हाई ना?" मी म्हटलं, जाईल तर माझ्या माडीवरून जाईल, मी भरीन.

दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली तेव्हा तिच्या सरकारची शिष्यवृत्ती आली नव्हती. उशीर झालाय, येईल, असं तिच्या वकिलातीने कळवलं. चिठ्ठी न काढता आम्ही ती भिशी तिला दिली. अडलेलीला पहिली द्यायची, ही आमच्या भिशीची रीत आहे. तिने पहिल्या सहामाहीची फी भरली, आणि दुसऱ्या खरिपाची बाजरी पेरली.

पण शिष्यवृत्ती आलीच नाही. तिच्या देशाने जाहीर केलं होतं की घेतलेल्या कर्जाचे हप्ते आता झेपत नाहीत. सरकारी तिजोरीतून बाहेर जाणारा पैसा थांबला, आणि त्यात माझ्या माडीवर येणारा पैसाही थांबला. तिने दोन महिने हप्ता दिला नाही. तिसऱ्या महिन्यात ती भिशीच्या दिवशी खाली उतरलीच नाही, तेव्हा काकूंनी तिला हाक मारून बोलावलं आणि माझ्या ओट्यावर बैठक बसली.

ही बैठक मी विसरणार नाही. कोपऱ्यावर किराणा दुकान चालवणाऱ्या बाई आधी बोलल्या. मुलीची त्यांच्याकडे उधारीही होती. त्या म्हणाल्या, "माजी उधारी आधी द्या, मंग भिशीचं काय ते बगा." काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "तुमाला आधी दिलं तर आमी मागं ऱ्हायलेल्या बायांनी तुमची उधारी फेडली असं हुतं. थांबायचं तर समद्यांनी थांबायचं. तुमीबी." दुकानवाल्या बाई बराच वेळ पुटपुटत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. पन पोरीचं तेल-मीठ मी बंद करनार न्हाई, ते चालूच ऱ्हाईल. उपाशी पोरगी काय फेडनार?" ठरलं असं की पदवी होऊन नोकरी लागेपर्यंत तिने हप्ता द्यायचा नाही, ज्यांची भिशी राहिली आहे त्यांची खोट सगळ्यांनी वाटून घ्यायची. पोहे संपायच्या आत हे झालं. मुलगी खाली मान घालून पोह्यांतले शेंगदाणे वेचत होती. एकही शेंगदाणा तिने खाल्ला नाही.

त्याच दिवसांत तिच्या देशाला कर्ज देणारे लोकही बैठका घेत होते. मी रोज तिच्या मोबाईलवर त्या बातम्या वाचायची. कर्ज देणाऱ्यांत काही श्रीमंत देश होते, काही नव्याने श्रीमंत झालेले देश होते, आणि नुसतं व्याज कमवायला रोखे घेऊन ठेवलेल्या खासगी कंपन्या होत्या. श्रीमंत देश म्हणायचे, आम्ही सूट दिली तर ती त्या कंपन्यांच्या घशात जाईल. कंपन्या म्हणायच्या, आधी सरकारांनी सोडावं. नवे श्रीमंत म्हणायचे, आमचे कागद तुम्हाला दाखवणार नाही. आमच्या दुकानवाल्या बाईंचं आणि काकूंचं जे भांडण पोह्यांच्या बशीवर मिटलं, तेच भांडण हे लोक कोट घालून, विमानाने येऊन, थंड खोल्यांत बसून वर्षानुवर्षं करत होते. बैठक झाली की निवेदन निघायचं : चर्चा विधायक वातावरणात झाली. मला ती निवेदनं वाचून संताप यायचा. त्यांचं वातावरण विधायक असताना इकडे माझ्या माडीवर एक मुलगी दुपारचं जेवण सोडायला शिकली होती, आणि मी जिन्याखालून हाक मारली की "पोट भरलंय मावशी" म्हणायची.

एका सकाळी ती धावत खाली आली. करार झाला होता. सगळे एका टेबलावर बसले, सही झाली, तिच्या देशाला कर्जातून दिलासा मिळाला, अशी मोठी बातमी होती. टेबलाभोवती उभे राहून हसणाऱ्यांचा फोटोही होता.

आमच्या भागात टीव्हीवर कर्जमाफीची पट्टी फिरली की विकास सोसायटीच्या पायरीवर पेढे वाटतात. निकष काय, अटी काय, यादीतून नावं कुणाची गळाली, हे मागाहून कळतं. जन्मभर हे पाहिलेली मी, तरी रिक्षा करून साखर कारखान्याजवळच्या बाजारात गेले, हलवायाकडून पेढे आणले, आणि गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं की आपल्या पोरीच्या देशाची कर्जमाफी झाली. दुकानवाल्या बाईंनी देवापुढे पेढा ठेवला. काकू म्हणाल्या, "बगा, बसले एका रांगेत की सुटतं." मुलीने खुरपणाऱ्या बायकांसाठी पेढ्यांचा पुडा रानात नेला.

मग तिच्या वकिलातीची मेल आली. मीच ती वाचून दाखवली, कारण तिचे डोळे एका ओळीवर अडकले होते. कर्ज माफ झालं नव्हतं, हप्ते पुढे ढकलले होते. त्या बदल्यात सरकारने खर्च कमी करण्याचं कबूल केलं होतं, आणि काटकसरीत परदेशी शिकणाऱ्यांच्या शिष्यवृत्त्या बंद झाल्या होत्या. मागच्या थकलेल्याही मिळणार नव्हत्या. विद्यार्थ्यांनी परतीची व्यवस्था करावी, असं शेवटी लिहिलं होतं. खाली अभ्यासासाठी शुभेच्छा होत्या. या शुभेच्छा लिहिणारा माणूस समोर असता तर मी त्याला काय बोलले असते, ते इथे छापता येणार नाही.

मला अजून कळत नाही ते हे. ज्या देशाला धान्य पिकवता यावं म्हणून ही मुलगी शिकत होती, तो देश कर्ज फेडायला लायक व्हावा म्हणून सगळ्यात आधी हिचं शिक्षण कापायचं, हा हिशोब कुणाला सुचला? उपाशी पोरगी काय फेडणार, हे आमच्या दुकानवाल्या बाईंनाही समजलं होतं, आणि त्यांना काही कुणी समंजस म्हणत नाही.

राहिलेली फी आम्ही कशीबशी उभी केली असती. माझ्या पाटल्या काढून ठेवल्या होत्या. पण तिच्या सरकारचं पत्र असल्याशिवाय व्हिसाची मुदत वाढत नव्हती, आणि पत्र देणारं खातंच बंद झालं होतं. तिच्या प्रबंधाच्या सरांकडे मी स्वतः गेले. बाजरी निसवायला लागली होती, कणसं बाहेर पडत होती, महिनाभराने नोंदी पूर्ण झाल्या असत्या. मी म्हटलं, आम्ही बायका जाऊन मोजतो, गोसावी कसा दिसतो ते तिने दाखवलंय. सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, नोंद विद्यार्थ्याची स्वतःची लागते. नियम आहे." त्यांनीही मान खाली घातली होती. तिची बाजरी कमरेच्या वर आली होती, तेव्हा ती गेली. रिक्षात बसताना काकूंनी तिच्या पिशवीत एक शिवलेला ब्लाऊज कोंबला. तो कशावर घालायचा हे दोघींनाही माहीत नव्हतं.

आता ती तिकडे एका खासगी शाळेत शिकवते. भूगोलच. गेल्यापासून तिचा हप्ता यायला लागला. आम्ही मागितला नव्हता, उलट थांब म्हणून कळवलं होतं. तिच्याच देशाचा एक मुलगा पुण्यात शिकतो, स्वतःच्या बापाच्या पैशावर. ती तिकडे त्याच्या घरी पैसे देते आणि तो इकडे मला पाठवतो. कधी अर्धा, कधी पाऊण, पण येतोच. गेल्या महिन्यात शेवटचा आला. दुकानवाल्या बाईंची उधारीही त्यात होती. बाईंनी ते पैसे हातात घेतले आणि बराच वेळ गल्ल्यात टाकले नाहीत.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. मिळाले का, विचारलं. मिळाले म्हटलं. मग तिने विचारलं, "मावशी, माजी बाजरी कशी आली?" मी गोड काहीतरी सांगायचं ठरवून ठेवलं होतं. पण रानातल्या माणसाशी रानाबद्दल खोटं बोलवेना. मी सांगितलं की ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्या तुकड्यावर कॉलेजने ट्रॅक्टरचा रोटर फिरवला. रब्बीसाठी रान मोकळं करायचं होतं. कणसं भरत आली होती, मी बांधावर उभी राहून पाहिली होती.

तिच्या मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "मावशी, तुमी समद्या माज्यासाठी थांबला. बाजरी निघंपर्यंत त्या कर्जवाल्यांना का न्हाई थांबता आलं?"

सगळी नोकरी मी असल्या देशांवर प्रश्न काढले आणि उत्तरं तपासली. मी तिला जेवलीस का, एवढंच विचारलं, आणि ती लगेच म्हणाली, पोट भरलंय.