फ्रिस्कोची धोबीण

२००४ साली आमचं ग्रीन कार्ड आलं आणि मला नोकरी करायची परवानगी मिळाली. त्याआधी मी नवऱ्याच्या व्हिसावर कित्येक वर्षं घरीच होते. नागपुरात केमिस्ट्रीत एमएस्सी केलं होतं, पण "मधल्या काळात काय केलंत?" या प्रश्नाशी नोकरीसाठी केलेला प्रत्येक फोन अडायचा. आम्ही राहायचो त्या फ्रिस्को गावात तेव्हा जिकडेतिकडे नवी घरं उठत होती, आणि माझा दिवस मुलीला शाळेत सोडण्या-आणण्यात जायचा. बोलणंही कमी झालं होतं. दुकानातली माणसं माझं इंग्रजी ऐकायला काउंटरवरून पुढे झुकायची, इतका माझा आवाज बारीक झाला होता.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायची. ती दर वसंतात शनिवार-रविवार रेनेसाँस फेअरमध्ये काम करायची. म्हणजे एक जत्राच. मोकळ्या माळावर चारशे वर्षांपूर्वीचं इंग्लंडातलं गाव उभारतात; राजा-राणी, घोड्यावरचे सरदार, लोहार, आणि तिकीट काढून आलेली हौशी माणसं. शेजारीण तिथे धोबीण व्हायची. विहिरीपाशी कपडे धुवायचे आणि दुसऱ्या धोबिणीशी भांडून लोकांना हसवायचं, हे तिचं काम. त्या वर्षी तिची जोडीदारीण गाव सोडून गेली होती.

"तुला काम हवंय ना? चल माझ्याबरोबर," ती म्हणाली.

"मला अभिनय येत नाही."

"भांडता येतं?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

तरी गेले. एका शाळेच्या जिममध्ये निवड चालली होती. कोणी बासरी वाजवली, कोणी तीन संत्री हवेत झेलली. माझी पाळी आली तेव्हा दाढीवाला दिग्दर्शक म्हणाला, "हिनं तुझी बादली ढकलली. भांड." मी उभी राहिले. इंग्रजी शब्द एकही येईना.

"तुझ्या भाषेत भांड," शेजारीण हळूच म्हणाली.

नागपुरात आमच्या घरासमोर सार्वजनिक नळ होता. उन्हाळ्यात पाणी बारीक झालं की तिथे रोज जुंपायची. आई म्हणायची, खिडकी लाव. मी लावायची, पण फटीला कान लावून उभी राहायची. त्यातलं सगळं कुठेतरी राहिलं असणार. मी ओढणी कमरेला खोचली.

"काहून वं! तुह्या बापाचा नळ हाय का? माह्या बादलीले हात लावशीन तर याद राख!"

जिमभर आवाज घुमला. तो माझाच आहे, हे मला क्षणभर कळलं नाही. शेजारीणही मागे हटली नाही. तिनं तिच्या जुन्या इंग्रजीत उत्तर दिलं, मी आणखी चढले. कोणाला एक शब्द कळत नव्हता आणि सगळे हसत होते. मला काम मिळालं.

घरी सांगितलं. मुलगी म्हणाली, "मॉम, दॅट्स सो कूल!" नवरा जेवत राहिला. जेवण झाल्यावर म्हणाला, "यार, ऑफिसमधलं कोणी बघितलं तर? एमएस्सी करून कपडे धुणार?"

"घरी धुते तेव्हा चालतं ना?"

तो ताट उचलून सिंककडे गेला. पण पहिल्या शनिवारी सकाळी बघते तर त्यानं गाडीत पेट्रोल भरून ठेवलेलं होतं.

एका रविवारी गर्दीत पुढेच एक नऊवारीतल्या काकू दिसल्या. पायात मुलाचे स्पोर्ट्स शूज. मुलगा आणि सून शेजारी उभे. मी नेहमीसारखी कडाडले, "काहून वं, सरक तिकडं!" काकूंनी चमकून पाहिलं. मग मुलाचा हात सोडून त्या दोरी ओलांडून थेट विहिरीशी आल्या.

"तू कोन वं सांगनारी? आधी माही बादली होती!"

मी गडबडले. शेजारीण मात्र तयारीची. तिनं लगेच काकूंची बाजू घेतली. दोघी मिळून माझ्यावर तुटून पडल्या, एक वऱ्हाडीत, एक इंग्रजीत. काकूंनी माझ्या हातातलं ओलं फडकं हिसकावून दगडावर असं आपटलं की पुढच्या रांगेतली पोरं भिजली. टाळ्या थांबेनात. मुलगा "आई, अगं आई" करत राहिला. सून पोट धरून हसत होती.

नंतर काकू विहिरीच्या कडेवर बसल्या, धापा टाकत.

"कुठली गं तू?"

"नागपूरची. तुम्ही, काकू?"

"अमरावतीची." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "लेक-सून दिवसभर ऑफिसात. इथं आल्यापासून असं मोठ्यानं बोललेच नव्हते वं मी." माझा हात त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. शेजारणीनं लिंबूसरबत आणलं, ते आम्ही तिघी प्यायलो.

घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा नवरा पहिल्यांदा हसला. पुढच्या शनिवारी तो मुलीला घेऊन आला आणि सगळ्यात मागे, झाडाखाली उभा राहिला.

तीन वसंत मी धोबीण होते. मग एका कॉलेजच्या लॅबमध्ये काम मिळालं. शेजारणीचे गुडघे दुखू लागले आणि ती लेकीकडे राहायला गेली. सुट्टीच्या दिवशी फेअरचं काम मला चालू ठेवता आलं असतं. दिग्दर्शकानं फोनही केला, नवी जोडीदारीण देतो म्हणाला. पण अनोळखी बाईशी भांडायला माझं मन घेईना.