ऐकणारीचा कान

आमची आत्या कलासंग्रहालयात शिरली की दारावरचा पहारेकरी हात पुढे करायचा आणि ती तोंड वाकडं करत पर्समधली कानस काढून द्यायची. दगड घासायची कानस! बायका कंगवा बाळगतात, तशी ही कानस बाळगायची.

कारण आतल्या दालनात तिनंच घडवलेली ‘ऐकणारी’ होती. काळ्या दगडातली, बसलेली बाई. नाक नाही, डोळे नाहीत, फक्त एक मोठा कान. ती माझी आई. आत्याचं म्हणणं घरात ऐकून घ्यायची ती एकटी आईच. बाबा मूर्तीसमोर उभे राहून म्हणाले होते, "हिला तोंड दिलं नाहीस, हे बरं केलंस."

घरात माणसांनाच जागा नव्हती, तिथे दगडांना कुठली? संग्रहालयानं मागच्या अंगणातली शेड आत्याला दिली. तिचं कामाचं सगळं आयुष्य तिथल्या धुळीत गेलं, आणि सुखात गेलं. तिला कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्यांनी ‘ऐकणारी’ मानानं आत बसवली. "पोरगी चांगल्या घरी पडली," आत्या सगळ्यांना सांगायची. पण लगेच पुढे, "कान तेवढा जाड झालाय गं." एकदा तो घासताना ती रंगेहाथ सापडली, तेव्हापासून ही झडती. ती भांडायची, रुसायची आणि पुन्हा यायचीच.

आई गेली. मग आत्याची नजर जाऊ लागली. "पुरती आंधळी व्हायच्या आत तो कान नीट करू द्या," एवढाच धोशा. शेवटी संग्रहालयाच्या मुख्य बाई विरघळल्या. त्यांनी दालन बंद करून घेतलं आणि कानस स्वतः तिच्या हातात दिली.

आत्या बोटांनी दगडाचा कान चाचपत राहिली. मग मला म्हणाली, "इकडे ये गं." दुसऱ्या हातानं तिनं माझा कान धरला. लहानपणी पिळायची तसा नाही. हळूच, पाळीपासून वरपर्यंत. आई आपले कान जन्मभर केसांखाली झाकत राहिली. तेच कान मला मिळालेत.

"अगं, वहिनीचा कान जाडच होता की!" आत्याला रडू फुटलं. मलाही.

तिनं कानस परत केली आणि मुख्य बाईंचे हात घट्ट धरले.

"तुमचे उपकार कसे फेडू? इतकी वर्षं अडवलंत मला. नाहीतर मी तिला केव्हाच घासून टाकलं असतं."