अकरा चाळीसला सेव्ह झालेली फाइल

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथे येऊन मी इतरांच्या अनुभवांत चुका काढत बसतो, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. आज माझाच लिहितोय... हसा खुशाल.

मी रहाटणीत राहतो. चाकणच्या चार-पाच छोट्या वर्कशॉपचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्यातल्या एकात शाफ्ट बनतात. तिथे मापं तपासायला सुनीताताई आहेत — जवळच्याच गावच्या, नवरा आजारी, घर त्यांच्या पगारावर चालतं.

खंडेनवमीला मी आठवड्याचा बॅकअप घ्यायला गेलो, तर पूजा मांडलेली. मलाही हुक्की आली. बॅकअपची हार्डडिस्क पाना-पक्कडीशेजारी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. आपलंही हत्यारच की! पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलत नाहीत, त्यामुळे बॅकअप राहिला. वर शहाणपणा असा, की सगळी मशीन बंद करायची म्हणून मेन स्विच मीच खाली ओढला. साडेअकरा वाजले होते. ताई हात धुवायला गेल्या होत्या आणि सकाळभर घेतलेली पन्नास शाफ्टची मापं त्यांच्या कॉम्प्युटरवर तशीच उघडी होती. यूपीएस कधीचाच मेलेला.

दसऱ्यानंतर तो कॉम्प्युटर सुरूच होईना. नेमका त्याच मालाचा रिपोर्ट गिऱ्हाईक कंपनीने मागितला. मालक ताईंना म्हणाले, रिपोर्ट नाही म्हणजे मापं घेतलीच नाहीत; संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. चूक माझी होती आणि मी तोंड उघडलं नाही. लिहितानाही लाज वाटते.

सगळे उपाय थकले. नवमीचं काही मिळणार नाही, असं ताईंना सांगून मी त्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह पूर्ण पुसला आणि त्याआधीच्या आठवड्याचा बॅकअप परत चढवला.

फोल्डर उघडला — नवमीची फाइल! पन्नासच्या पन्नास ओळी भरलेल्या. सेव्ह झाल्याची वेळ अकरा चाळीस. तेव्हा शेडमध्ये वीज नव्हती, आम्ही आरती म्हणत होतो आणि बॅकअपची डिस्क माझ्या डोळ्यांसमोर पाटावर होती.

आकडे मागाहून भरलेत की काय, अशी मालकांना शंका आली. नमुना म्हणून काढून ठेवलेले दहा शाफ्ट त्यांनी स्वतः मोजले. दहाही मापं शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली.

ताईंनी मला बाजूला घेतलं. "मी सेव्ह केलंच न्हवतं, दादा. तुमीच केलंय ना हे, माज्यासाठी?"

मी मेन स्विचचं कबूल केलं. फाइल माझी नाही, हेही शपथेवर सांगितलं. मला मापं कुठून कळणार, असं विचारलं, तर म्हणाल्या, तुमाला कॉम्प्युटरमधलं समदं कळतं.

घरी येऊन बॅकअपची डिस्क चार वेळा तपासली. त्यात ती फाइल नाहीच. मग आली कुठून? मला आजही सांगता येत नाही.

दिवाळीत ताई डबाभर करंज्या घेऊन आल्या. माझी नोकरी वाचवलीत म्हणाल्या आणि रडल्या. मी डबा घेतला. घरच्यांनी आवडीने खाल्ल्या, मी एकही खाल्ली नाही. ते आभार ज्याचे होते त्याला कसे पोचवायचे, मला माहीत नाही.