चावीवाल्याची पावलं

आमच्या शहराच्या पाण्याच्या नळांचे जुने नकाशे संगणकात चढवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्या नकाशांचं वजन दोन म्हशींएवढं होतं. वाळवी तर त्यात पिढ्यानपिढ्या नांदत होती. पण खरी गंमत नकाशांसोबतच्या रजिस्टरात होती. खाडीकाठच्या मोरवा गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह कुठे पुरलाय ते तिथे पावलांत लिहिलेलं. पाणी सोडणाऱ्या जुन्या चावीवाल्याने चालत मोजलं, कारकुनाने उतरवलं.

आम्ही शहाणे. एक पाऊल म्हणजे अडीच फूट, असं ठरवून सगळं भरलं. स्क्रीनवर नकाशा उघडला तर एक व्हॉल्व्ह एका बाईंच्या देवघरात, दुसरा मिठागरात, आणि तिसरा थेट खाडीत, बहुतेक बोईट माशांना पाणी पाजायला.

हसण्यावारी नेलं असतं, पण साहेबांनी यादी लावली. नव्या नकाशात ज्या गल्लीची लाईन पक्की, तिथेच नवा पाईप. मोरव्यातल्या एका गल्लीचा व्हॉल्व्ह काँक्रीटखाली गेलेला. देवळाच्या पायरीपासून एकशेदहा पावलं, एवढाच त्याचा पत्ता. आमच्या हिशेबाने खड्डा खणला. निघाली माती, आणि एक चप्पल.

गल्लीतल्या कोळी मावशी दांडीवर बोंबील वाळत टाकून तिथेच ठाण मांडून बसल्या होत्या. त्यांच्या नळाला धार अशी, की हंडा भरेपर्यंत माणसाचं लग्न होऊन नातवंडं व्हावीत. त्या म्हणाल्या, "माझी लाईन जमिनीत हाय रं बाबा. तुझ्या डब्यात न्हाय, म्हनून मी तशीच रहायची का?"

मी टॅबलेटकडे बघत राहिलो. डबाच तो.

साहेबांनी बजावलं की अजून एकच खड्डा मिळेल. रस्ता नवा आहे, तो काही चाळणी नाही.

मग चावीवाल्या काकांना बोलावलं. निवृत्त होऊन नया नगरला लेकीकडे राहणारे, अजूनही ताडमाड. रिक्षातून उतरले ते हप्त्याहप्त्याने. पायरीपासून मोजत निघाले आणि एकशेदहा पावलांवर थांबले, तर आमच्या खड्ड्याच्याही अलीकडे. मावशी उठून उभ्या राहिल्या. काकांनी खाली बघितलं, मागे बघितलं, आणि पहिल्यांदाच ओशाळले.

"तेव्हा मी चालत नव्हतो रे," ते म्हणाले. "पाणी सोडायला उशीर झाला की गाव अंगावर यायचं. ढांगा टाकत पळायचो. मोजलंही तसंच."

ढांगा किती मोठ्या, हे आता कोण सांगणार? एव्हाना सगळी गल्ली सल्ले देत होती, मराठीत, हिंदीत, एक जण गुजरातीतही. त्या गलक्यात मला विहिरीजवळचा व्हॉल्व्ह दिसला, उघड्यावरचा, सगळ्या गावाला माहीत असलेला. रजिस्टरात तो त्याच पायरीपासून वीस पावलं. टेप लावली. सहासष्ट फूट! म्हणजे काकांचं एक पाऊल सव्वातीन फुटांहूनही मोठं. त्या हिशेबाने एकशेदहा पावलं मोजली, तर जागा आमच्या खड्ड्याच्या अठ्ठ्याऐंशी फूट पुढे सरकली, बरोब्बर बोंबलांच्या दांडीखाली.

मावशींनी दांडी इतक्या झपाट्याने हलवली, की वादळालाही जमलं नसतं. काँक्रीट फुटलं, माती निघाली, आणि कमरेएवढ्या खोलीवर पहार लोखंडावर वाजली. काकांनी लेकीला फोन लावून तो आवाज ऐकवला. मी तिथेच उभं राहून टॅबलेटवरच्या नकाशात ठिपका टाकला, गल्लीची रेघ ओढली. पुढच्या आठवड्याभरात उरलेले व्हॉल्व्हही काकांच्या ढांगेने नकाशात नीट बसवले. खाडीतला सुद्धा जमिनीवर आला.

त्या दिवशी मात्र मावशींनी साहेबांना हलू दिलं नाही. "यादी वाचा," म्हणाल्या. साहेबांनी यादीत नुकतंच चढवलेलं गल्लीचं नाव वाचलं. "परत वाचा." परत वाचलं. तिसऱ्या वेळेला साहेबांनी कुणी न सांगता, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं.