चंद्राबाईंचं बुजगावणं

ठकूचा फोन आला तेव्हा मी भिंगारच्या घरात दुपारचा चहा गाळत होते. "बाई, आई गेली," एवढंच ती म्हणाली. तिच्या मागे कुठेतरी एक शेळी ओरडत होती, तेवढी ऐकू येत राहिली... आई म्हणजे चंद्राबाई. पाथर्डी तालुक्यातल्या एका लहानशा कोरडवाहू गावात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आजारपण फारसं नव्हतं, वय झालं होतं. त्यांना जाऊन आता महिना उलटला. या महिन्यात भेटायला आलेल्यांपैकी दोघातिघांनी विचारलं, कोण होत्या त्या तुमच्या? नात्याच्या नव्हत्या, शेजारच्या नव्हत्या. मैत्रीण म्हणावं तर आम्ही एकमेकींना कधी अगंतुगं केलं नाही. शेवटी मी सगळ्यांना एकच सांगत आले की त्यांची आणि माझी ओळख एका कृषी प्रदर्शनामुळे झाली. ते खरंच आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी तेव्हा ग्रामसेविका म्हणून नुकतीच नोकरीला लागले होते. वडील भिंगारच्या लष्करी छावणीच्या कचेरीत कारकून, मी मॅट्रिकनंतरचं प्रशिक्षण घेतलेली, पायात चप्पल आणि खांद्याला पिशवी अडकवून बालवाड्या आणि महिला मंडळं बघत फिरणारी. बहात्तरचा दुष्काळ सरला होता. खडी फोडून फोडून बायकांच्या तळव्यांना पडलेले घट्टे अजून गेले नव्हते, पण पाऊस झाला होता, रानात ज्वारी उभी होती. त्या हिवाळ्यात नगरला मोठं कृषी प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात बायकांच्या हातच्या वस्तूंचा एक विभाग ठेवायचा होता. तुमच्या गावांतलं चांगलं हातकाम शोधून आणा, असं आम्हाला सांगितलं गेलं. मी गोधड्या गोळा केल्या, वाखाच्या विणलेल्या पिशव्या, शिंदीच्या झापाच्या टोपल्या. मग एका गावात कुणीतरी म्हणालं, "चंद्राबाईकडं जा. तिच्यासारखी सुई तालुक्यात कुनाची न्हाई."

एसटीने फाट्यावर सोडलं तेव्हा भर दुपार होती. वाऱ्याचा मागमूस नव्हता. खांद्याएवढ्या ज्वारीतून पायवाट जात होती आणि पुढे बांधावर एक माणूस उभा होता. पांढरं धोतर, सदरा, लाल पागोटं, खांद्यावर घडी घातलेली घोंगडी. मान किंचित कललेली, कुणाचं तरी लक्ष देऊन ऐकत असावा तशी. मी लांबूनच विचारलं, "अहो, चंद्राबाईंचं घर कुठलं?" तो हलला नाही. जवळ गेले, पुन्हा विचारलं. ऐकू येत नसेल म्हणून अगदी समोर जाऊन उभी राहिले आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी कापडाशी बोलते आहे. बुजगावणी मी ढीग पाहिली होती. दोन काठ्या, वर पालथं मडकं, चुन्याचे डोळे. या चेहऱ्याला गालाची हाडं होती. कपाळावरच्या आठ्या बारीक धावदोऱ्याने घातल्या होत्या. मिशी शेळीच्या काळ्या केसांची. डोळे मिटलेले नव्हते आणि उघडेही नव्हते, ऊन लागल्यावर माणूस करतो तसे अर्धवट. डाव्या कानाखाली मात्र कापडाला चुण्या पडून ते मानेपर्यंत ओढल्यासारखं झालं होतं. एवढ्या कसबाच्या हातून तेवढंच कसं बिघडलं, असं मनात येतंय तोच मागून आवाज आला.

"त्यो बोलत न्हाई, बाई. ऐकतो."

चंद्राबाई तेव्हा तिशीच्या आत-बाहेर असतील. उंच, हडकुळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांनी मला घरी नेलं, पाणी दिलं, आणि माझ्या विचारण्याआधीच सगळं सांगून टाकलं. दुष्काळाच्या आधीच्या दिवाळीला त्यांचे मालक ऊसतोडीला गेले. टोळी परत आली, ते आले नाहीत. वाटेत ट्रक थांबला तेव्हा पाणी प्यायला उतरले आणि मागे राहिले, एवढंच टोळीतले लोक सांगत. दीर रंगनाथ दोनदा शोधून आला. "त्यांचा फोटू न्हाई घरात. येक बी न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत, ते नामा होतं हे मला रंगनाथकडून कळलं. "दिस गेले तसं मला त्यांचं तोंड आठवंना. नाक आठवलं तर हनुवटी जायाची. मंग म्हनलं, हाय तवर शिवून ठेवावं." रानात पीक नव्हतं, पाखरं नव्हती, त्या दोन वर्षांतही ते बुजगावणं रोज सकाळी बांधावर उभं राहायचं आणि दिवस मावळायच्या आत घरात येऊन पडवीत आडवं व्हायचं. मी कानाखालच्या चुण्यांबद्दल विचारलं. कापड विटलं म्हणून उन्हाळ्यात नवा चेहरा शिवायला घेतला होता, त्या म्हणाल्या. "तितं कापड बसंचना. दोनदा उसवलं. तिसऱ्या बारीला म्हनलं, ऱ्हाऊ दे. त्येंच्या मनात आसंल तसं."

रंगनाथ मला फाट्यापर्यंत सोडायला आला. साधा, हसरा माणूस. पण बांध मागे पडल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, येक सांगू का? म्हैना झाला आसंल, सकाळी वहिनीनं हाक मारली. उचलंना म्हनली. मी हसलो, भुसकटाचा तर हाय. पर मला बी येकट्याला हलला न्हाई. दोघांनी धरला तवा उठला."

"दव पडलं असेल. भुस्सा ओला झाला असेल."

"घरात हुता की." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "दुसऱ्या दिशी पुन्ना हलका. त्यो येक दिस तेवढा."

त्याआधी घरातच मी चंद्राबाईंना प्रदर्शनाचं सांगितलं तेव्हा त्यांनी गोधडी काढून दाखवली नाही. "लई मान्सं येत्यात म्हनं तितं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, पार कोल्हापूर-सोलापूरकडून येतात. "मंग ह्येंलाच न्या. पर मी संगं येनार."

एसटीत त्यांनी त्याला खिडकीशी बसवलं आणि शेजारी स्वतः बसल्या. सात-आठ वर्षांच्या ठकूला त्यांनी जावेपाशी ठेवलं होतं. ती पोर त्याच्याजवळ कधी येत नसे, पडवीतून जायचं झालं तर मागच्या दाराने जाई. कंडक्टर मागून तिकिटं फाडत आला. "पाव्हनं, तिकीट," म्हणत त्याने खांद्यावर हात ठेवला. हात क्षणभर तिथेच राहिला. मग त्याने तो काढून घेतला, पँटला पुसला आणि पुढे गेला. गाडीत कुणी हसलं नाही.

नगरच्या मैदानात मंडप पडले होते. इंजिनं, पंप, खतांच्या पिशव्या, शिंगांना हिंगूळ लावलेले बैल, लाउडस्पीकरची गाणी. आमचा विभाग एका कडेला होता. मी बुजगावणं आत गोधड्यांच्या मागे ठेवायला निघाले तर चंद्राबाईंनी ते अगदी वाटेवर, तोंड गर्दीकडे करून उभं केलं आणि स्वतः त्याच्या पायाशी बसल्या. लोक थबकत, दचकत, मग हसत पुढे जात. लहान मुलं आईच्या पदरात तोंड लपवत. चंद्राबाई जागच्या हलल्या नाहीत. "चला, जरा बाकीचं बघून येऊ," मी म्हटलं. त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "नको बाई. त्यवढ्यात कुनी वळखीचं निघून जाईल." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात फोटो नव्हता म्हणून या बाईने चेहरा शिवला होता, आणि आता तो हजारो माणसांच्या वाटेवर उभा केला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या गुळाच्या दुकानातला एक म्हातारा आमच्या बायकांना चव द्यायला म्हणून ताटात गुळाचे खडे घेऊन आला. कोल्हापूरकडचा, गुऱ्हाळावर गूळ करणारा. त्याने बुजगावण्याकडे पाहिलं आणि ताट खाली जमिनीवर ठेवलं. तो चेहऱ्याकडे बघत नव्हता. मानेकडे बघत होता.

"ह्ये कुणी केलं?"

"मी," चंद्राबाई म्हणाल्या.

"ही खूण तुमास्नी कुणी सांगितली?"

चंद्राबाई उठून उभ्या राहिल्या. म्हातारा म्हणाला, हा आमच्या गुऱ्हाळावरचा नामा आहे. गेल्या साली काहिलीतला उकळता रस उडून त्याचा कान आणि मान भाजली होती, कातडी अशीच ओढली गेली होती. मी मध्ये पडले. मला ते थांबवायचं होतं बहुतेक. नामा नावाची माणसं शंभर असतात, गुऱ्हाळावर भाजणं काही नवं नाही, असं काहीतरी मी बोलत होते. त्याला विचारलं, दुसरी काही खूण होती का त्याच्या अंगावर? "व्हती की. डाव्या हाताच्या..." तो आठवत होता, तेवढ्यात चंद्राबाई म्हणाल्या, "करंगळीला नख न्हवतं. इळ्यानं गेल्तं, लगीन व्हायच्या आदी." म्हाताऱ्याने मान हलवली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यावरून आम्हाला पुढचं समजलं.

ताप आला होता, डोक्यात गेला. गुऱ्हाळावरच्या माणसांनीच नदीकाठी सगळं केलं. पाथर्डीकडचा, यापलीकडे गाव ठाऊक नव्हतं, म्हणून निरोप धाडता आला नाही. केव्हा, म्हणून चंद्राबाईंनी विचारलं. ज्वारी पोटऱ्यात होती, कणसं बाहेर पडायची होती तेव्हा, तो म्हणाला. चंद्राबाई बुजगावण्याकडे वळल्या आणि आमच्याशी नव्हे, त्याच्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "त्या दिशी जड झाल्ते तुमी."

रंगनाथ फाट्याच्या वाटेवर काय म्हणाला होता ते मला आठवलं. भर उन्हात, लाउडस्पीकर चालू असताना.

"यायचं म्हनत हुते का?"

"म्हणायचा की," म्हातारा म्हणाला. "पाऊस पडला की जातो म्हणायचा. पाऊस पडला, तर म्हणाला, आता सुगी झाली की."

चंद्राबाई रडल्या नाहीत. त्यांनी ताटातला एक खडा उचलला, हा तुमच्याच गुऱ्हाळाचा का म्हणून विचारलं, आणि ठकूसाठी पदराच्या गाठीला बांधला.

बक्षिसं वाटायच्या आधीच आम्ही निघालो. गावाने ते मरण म्हणूनच धरलं. बांधावरच गोवऱ्या रचल्या, रंगनाथने अग्नी दिला. कुणीतरी म्हणालं, निदान तोंड काढून ठेवा, पोरीला बाप दिसंल. चंद्राबाईंनी ठकूला विचारलं. ठकूने नाही म्हणून मान हलवली. मग सगळंच दिलं. त्या हंगामात चंद्राबाईंच्या ज्वारीवर एक पाखरू बसलं नव्हतं. बुजगावणं नगरला होतं तेव्हाही नाही, असं शेजारी शपथेवर सांगत. धूर अजून निघत होता आणि चिमण्या उतरल्या. मग साळुंक्या, मग पोपट, थवेच्या थवे, कणसं वाकायला लागली. रंगनाथने गोफण घेतली तर चंद्राबाईंनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या, भावजी. आज त्येंच्या नावानं जेवत्यात." दिवस मावळेपर्यंत त्या तिथेच बसल्या होत्या. मीही होते.

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा न परतलेला, अशा बायका जुनी धोतरं घेऊन त्यांच्या दारात यायला लागल्या. चंद्राबाई त्यांना जेवू घालत आणि परत पाठवत. मी एकदा म्हटलं, त्यांना तेवढंच समाधान मिळेल, का नाही म्हणता? त्या म्हणाल्या, "सुई काय दावंल त्याचा नेम नसतो, बाई. मला दावलं, बास." पुढे त्यांनी शेकडो गोधड्या शिवल्या, ठकूला वाढवलं, तिचं लग्न केलं, जावई घरी आणला. चेहरा पुन्हा शिवला नाही. माझी बदली झाली तरी वर्षातून एकदा तरी आम्ही भेटत होतो. माझे यजमान गेले तेव्हा त्या बाजरी घेऊन भिंगारला आल्या आणि आठवडाभर माझ्याजवळ राहिल्या. सांत्वनाचं एक वाक्य बोलल्या नाहीत. एका दुपारी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे त्या खूप वेळ बघत होत्या. मग सहज म्हणाल्या, "ह्यो फोटू लई जुना हाय. आता त्ये आसं दिसत नसतील." मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. पुढे कधीतरी तो गेला आणि त्या वाक्याची सोबत वाटायला लागली. अजून वाटते.

परवा ठकूकडे जाऊन आले. घर आता सिमेंटचं आहे, ठकूला सून आली आहे. ओसरीवर दाराच्या उजव्या हाताला चंद्राबाई दुपारच्या बसायच्या. तिथला भिंतीचा रंग पाठीएवढा तेलकट झाला आहे, खाली फरशी गुळगुळीत. ठकू चहा करत होती, मी खुर्चीवर बसून बघत होते. सून झाडत आली, तेवढी जागा सोडून पुढे गेली. नातू चेंडूमागे धावत आला आणि तिथे वळसा घालून गेला. एक कोंबडीही. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, कुणाच्या ते लक्षातही येत नसावं. मी ठकूला विचारलं नाही. निघताना माझी वाट सरळ त्या फरशीवरून जात होती. काठी टेकत मी जवळ गेले, आणि माझा पाय आपोआप बाजूला पडला, कुणाच्या पसरलेल्या पायांना धक्का लागू नये तसा. पदर सावरून मी कडेने गेले. पायरीशी पोचल्यावर मागे वळले. ठकू तर माझ्या पुढे, अंगणात उभी होती.

"येते, चंद्राबाई," मी म्हटलं, आणि चप्पल घातली.