शेजारी बसणारं माणूस

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर तर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. चौथीनंतर हातात पेन आलं ते सहीपुरतंच. चुकांची माफी असावी. पण सर्जेराव मिस्त्रींविषयी कुठंतरी लिहून ठेवायला हवं, कारण तोंडाने मी ते कधी सांगितलं नाही.

काटेवाडीजवळ इंदापूर रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. बिघडलेली गाडी आली की ते चालवणाऱ्याला आधी चहाला धाडायचे आणि शेजारी बसून आलेल्याला विचारायचे. म्हणायचे, "चालवणारा गाडीची बाजू घेतो. शेजारी बसणारं माणूस भ्यालेलं असतंय, त्याला समदं आठवतं." बाईमाणूस असलं तर खाली बघून विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. मला घरातही कोणी असं थांबून विचारत नव्हतं.

आमची भाजीची व्हॅन जुनी. चार दिवस ब्रेक नीट लागायचा आणि पाचव्या दिवशी पेडल पायाखालून खाली जायचं. पुन्हा दोनदा दाबलं की लागायचा. गॅरेजात नेली की काहीच दिसायचं नाही. मिस्त्री म्हणाले, "माझ्याम्होरं कशी नव्या सुनेवाणी वागती बघा."

शेवटी त्यांनी ब्रेकचा सिलेंडर उघडला. आतली रबरं फुगून मऊ झाली होती. मग ब्रेकच्या तेलाच्या छोट्या टाकीतला एक थेंब त्यांनी पेल्यातल्या पाण्यात सोडला. तो विरघळला.

"ब्रेकचं तेल पाण्यात मिसळतं, ट्रॅक्टरचं, इंजिनचं वर तरंगतं. ह्ये तर चांगलं हाय. मग रबर का फुगलं?"

"डब्यातलंच तेल हाय. दुसरं कशाला टाकू?" आमचे मालक, म्हणजे घरधनी, म्हणाले.

मला ठाऊक होतं. मागे टाकी रिकामी दिसली तेव्हा मालकांनी गोठ्यातल्या बाटलीतलं ट्रॅक्टरचं तेल तिच्यात ओतलं होतं. आणि त्या दिवशी निघण्याआधी टाकी फडक्याने पुसून नवं तेल भरलं होतं. फडकं मीच आणून दिलं होतं. नळ्यांतलं तेल आत तसंच होतं.

मिस्त्रींनी मालकांना चहाला धाडलं आणि खाली बघून मला विचारलं, "वैनी, ह्यात कुणी दुसरं तेल टाकलं व्हतं का? टाकलं असंल तर समद्या नळ्या धुवाव्या लागत्याल, चारी चाकांच्या ब्रेकची रबरं बदलावी लागत्याल. न्हाय तर नुसता सिलेंडर बदलतो."

ते थांबले. टपरीवरून मालक माझ्याकडेच बघत होते.

"मला काय म्हाईत न्हाय," मी म्हणाले.

"मग न्हायच," असं म्हणून त्यांनी नवा सिलेंडर बसवला.

महिन्याभरात भर रस्त्यात ब्रेक गेला. दूध घालून परतणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मोटारसायकलला व्हॅन धडकली, त्याची मांडी मोडली. दवाखान्याचं बिल मालकांनी भरलं आणि चार माणसं गोळा करून ते मिस्त्रींच्या अंगावर घातलं. मिस्त्री एवढंच म्हणाले, "ब्रेकला शेवटचा हात माझा. मी फेडतो."

"बायकांना इचारून गाडी दुरुस्त केल्यावर दुसरं काय व्हणार?" कोणीतरी बोललं. सगळे हसले. मालकही हसले.

मग गॅरेजात गाड्या यायच्या थांबल्या. मिस्त्रींनी हवेचा कॉम्प्रेसर विकला, जॅक विकले आणि लोणी देवकरला एका कारखान्याच्या फाटकावर राखणदार म्हणून लागले. महिन्याच्या महिन्याला एसटीने येऊन पैसे देऊन जायचे. राहू द्या, असं मालक एकदाही म्हणाले नाहीत.

शेवटच्या वेळी मालक बारामतीला बाजारात होते. मिस्त्री उंबऱ्याबाहेरच थांबले. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर तांब्यात बघत म्हणाले, "गाडी धडकली त्या दिवशी चाकाच्या ब्रेकातलं तेल काढून पाण्यात टाकलं व्हतं. तरंगलं."

"मग चार माणसांत बोलला का न्हाय?"

"तुमी न्हाय म्हणाला व्हता. तुमाला खोटं पाडलं असतं तर तुमी घरी कशा गेला असता?"

मी रिकामा तांब्या घेतला. मी विचारलं, "काम बरं हाय का तितं?"

"बरं हाय. गाडी आली की वहीत लिवायचं. आता चालवणाऱ्यालाच इचारतो."

त्यांनी नोटा पुढे केल्या. "मोजून घ्या, वैनी."

मी मोजल्या. एक रुपयाही कमी नव्हता.

"बरोबर हाय," मी म्हणाले.